बीटला जात नसते, बाजाराला असते

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, विहारात जयंती समितीची बैठक बसली होती. मिरवणुकीसाठी नागपूरचा डीजे ठरला होता. त्याचा आकडा ऐकून आम्ही गप्प राहिलो. तेवढ्या पैशात वस्तीतल्या अभ्यासिकेला दोन वर्षं पुरतील एवढी पुस्तकं आली असती. पण जयंतीच्या बैठकीत असं बोलणारा माणूस लगेच जयंतीविरोधी ठरतो. मग आमच्यासोबत आलेली चार पोरं उभी राहिली. "आमाले फक्त दहा मिनिटं द्या, आमी रॅप बसवला आहे," एवढंच म्हणाली. समितीतले एक ज्येष्ठ काका, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले, ज्यांचा आम्ही मनापासून मान ठेवतो, ते म्हणाले, "हे अमेरिकेचं खूळ कायले आणता बे? हे आपली संस्कृती आहे का?"

पोरांना वेळ मिळाला तो रात्री पावणेदहाला. दहा वाजता माईक बंद करायचाच होता. दीड गाणं झालं. डीजेचे पैसे आगाऊ गेले होते, पोरांना चहा मिळाला. परत येताना गाडीवर मागे बसलेल्या पोरानं विचारलं, "दादा, काका म्हणते थे खरं आहे का?"

हा लेख त्या पोरासाठी आहे आणि त्या काकांसाठीही आहे.

'आपली संस्कृती' हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडून आला की आम्ही सावध होतो, कारण तो शब्द मुळात आपला नाही. जागतिकीकरणामुळे संस्कृती बुडाली, पोरं कोरियाची गाणी ऐकतात, लोककला मरत चालल्या आहेत, असं रडगाणं गाणारे लेख दिवाळी अंकांत दरवर्षी येतात. ते लिहिणाऱ्यांना बुडण्यासारखं काहीतरी होतं. आमच्या आजोबांजवळ काय होतं? गावकीची कामं होती, जोहार होता, मेलेलं ढोर ओढणं होतं. लग्नात, पोळ्याला, मढ्यापुढे डफडं वाजवायचं ते मातंग बांधवांनी, काही गावांत आपल्याच माणसांनी. वाजवणाऱ्याची कला सगळ्या गावाला हवी होती, वाजवणारा मात्र पारावर बसलेला चालत नव्हता. आज तेच लोक आम्हाला 'लोककला जतन करा' म्हणून सांगतात. कोणी जतन करायची? ज्यांच्या गळ्यात जातीनं डफडं अडकवलं त्यांनीच ना? महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं, ते आपल्याला वारसा जपायचा होता म्हणून नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण जे केलं ते वारसा जपणं नव्हतं. ते वारसा टाकणं होतं, आणि डोळे उघडे ठेवून नवं निवडणं होतं.

म्हणून आमची ओळख ही जन्मानं चिकटलेली नसून निवडलेली आहे, आणि या एका मुद्द्यावर हा सगळा वाद उभा आहे. ज्यांची संस्कृती जन्मानं येते त्यांना बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट आक्रमण वाटते. आम्ही तर धम्मच निवडून घेतलेला. आम्हाला कशाची भीती?

रॅप करणाऱ्या पोरांबरोबर बसल्यावर आम्हाला एक गोष्ट उशिरा कळली. ती आमच्या एम.ए. समाजशास्त्राच्या पुस्तकात नव्हती. (तिथं आम्हाला संस्कृतीकरण शिकवलं, म्हणजे खालचे वरच्यांची नक्कल कशी करतात ते. खालचे वरच्यांकडे पाठ फिरवून तिसरीकडेच बघतात, यावर फारसा धडा नव्हता.) आम्ही विचारलं, हेच गाणं डफड्यावर का नाही करत? एक जण मातंग समाजाचा आहे. तो म्हणाला, "डफडं हातात घेतलं की गाव म्हणते, बरं झालं, आता लग्नाले बोलावतो. मोबाईलवर बीट लावली की कोणी म्हणत नाही का हे तुह्या बापाचं काम होतं." यापेक्षा नेमकं आम्हाला सांगता येणार नाही. मोबाईलमध्ये फुकट मिळणाऱ्या बीटला जात नसते. ती कोणाच्या बलुत्यात येत नाही. ती वाजवण्यासाठी कोणाच्या ओसरीखाली उभं राहावं लागत नाही.

आता काकांचा दुसरा आक्षेप, की हे अमेरिकेचं आहे. आहे. पण अमेरिकेत कोणाचं आहे, हेही विचारा ना.

त्यासाठी कापसाकडे यावं लागतं, आणि कापूस म्हटला की यवतमाळ आलंच. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या गुलामांच्या हातांनी वेचला जाणारा कापूस मँचेस्टरकडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. वऱ्हाड इंग्रजांनी १८५३ मध्येच निजामाकडून ताब्यात घेतला होता. युद्धाच्या चार वर्षांत इथल्या कापसाचा भाव असा चढला की ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पऱ्हाटी मात्र राहिली आणि तिच्याबरोबर सावकारही राहिला. पुढं ब्रिटिश कंपनीनं मुर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज टाकली, आपली शकुंतला. आज ती बंद आहे आणि लोक तिच्या आठवणी काढून हळवे होतात. आम्हीही होतो. पण ती टाकली होती माणसांसाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी.

म्हणजे जागतिकीकरण १९९१ ला आलं हे पुण्या-मुंबईच्या लोकांनी सांगावं. आमच्याकडे ते १८६१ लाच आलं होतं, आणि तिकडच्या गुलामाच्या पाठीवरून आलं होतं. अजूनही ते त्याच वाटेनं येतं. कापसाचा भाव आमच्या बाजारात ठरत नाही. २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी आणि मजूर मेले, तेव्हा फवारणीची औषधं कुठल्या कुठल्या देशांतून येतात ते आम्हाला कळलं. त्यावेळी कुठल्याही संस्कृतिरक्षकाला जागतिकीकरणाचं संकट दिसलं नाही. पोरानं टोपी उलटी घातली की दिसतं!

तिकडे काय झालं? गुलामी कायद्यानं गेली, पण माणसं वाटेकरी होऊन त्याच कापसात अडकून राहिली. मग विसाव्या शतकात लाखोंच्या संख्येनं उत्तरेकडच्या शहरांत गेली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्यांची नातवंडं होती, कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांची नातवंडं होती, पोर्तो रिकोहून आलेले होते. त्या वस्त्यांच्या मधून महामार्ग काढला गेला, इमारती जळत होत्या, नोकऱ्या गेल्या होत्या. तिथं ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या सभागृहात जमैकाहून आलेल्या कुटुंबातल्या एका पोरानं, डीजे कूल हर्कनं, दोन तबकड्यांवर गाण्यातला फक्त तालाचा तुकडा पुन्हापुन्हा फिरवला. हिप-हॉपचा जन्म तिथं धरतात. ती पार्टी भरवली होती त्याच्या बहिणीनं, सिंडी कॅम्पबेलनं. कशासाठी? शाळा सुरू होणार होती, नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. पोरांना ५० सेंट, पोरींना २५ सेंट प्रवेश.

आमच्या त्या चार पोरांतल्या एकाची आई आजही वेचणीला जाते. कमरेला ओटी बांधून, किलोमागे मजुरीवर, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटेपर्यंत. ब्राँक्सच्या पोराची पणजी आणि आमच्या पोराची पणजी एकाच पिकात वाकल्या होत्या. मग त्या पोराच्या कानाला ब्राँक्सचा ताल ओळखीचा वाटला, तर त्यात परकं काय आहे?

आणि हे नातं आम्ही आज जुळवून आणलेलं नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी काळ्यांच्या गुलामीविरुद्ध लढा दिला. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा ही आशा त्यांनी तिथंच लिहून ठेवली. कूल हर्कच्या त्या रात्रीच्या बरोबर १०० वर्षं आधी! बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, त्याला लागूनच हार्लेम आहे. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे त्यांनी केलेल्या अर्जाची चौकशी केली, आणि त्यांना उत्तरही आलं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी मुंबईत दलित पँथर उभी केली, ते नाव कुठून घेतलं हे काकांना आम्ही सांगावं असं नाही. तेच आम्हाला सांगत आले आहेत. पँथर अमेरिकेची चालते, मग पँथरच्या वस्तीतलं गाणं का चालत नाही?

बाहेरचं घ्यायचं नाही म्हणाल तर आपल्याजवळ उरेल काय? बाबासाहेबांचा सूट कुठला? पेटी युरोपातून आली. भीमगीतांचे कव्वालीचे मुकाबले ऐकत आम्ही मोठे झालो, रात्र रात्र वस्ती जागायची. कव्वाली काय वऱ्हाडात उगवली? ती सुफींची. आपल्या माणसांनी ती घेतली, तिच्यात भीम घातला, बुद्ध घातला, आणि कोणी विचारलं नाही की हे आपलं आहे का. त्याही आधी जलसा होता. आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला, ज्याला शिष्ट लोक बीभत्स म्हणत होते. त्यातला गण बदलला, गवळण काढली आणि त्या जागी पाणवठा, मंदिर, शिक्षण, सावकार आणला. भीमराव कर्डकांनी तो गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांनी पुढं आयुष्यभर तेच काम केलं. जलशाचं एक गाणं आपल्या कितीतरी भाषणांच्या बरोबरीचं आहे असं बाबासाहेब म्हणाल्याचं जुनी माणसं सांगतात. जलसाकारांनाही त्या काळी आपल्यातल्याच काही सुधारलेल्या लोकांनी नाकं मुरडली असणारच. नाकं मुरडणारे आज कोणाला आठवत नाहीत.

पण आम्ही आंधळे नाही. रॅपवर खरा हल्ला काकांकडून होत नाही. काका फार तर माईक बंद करतात. बाजार काय करतो ते बघा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'गली बॉय' आला. धारावीची पोरं, मुंबईची बोली, मोठ्या पडद्यावर. आमच्याकडची पोरं दोन-दोनदा बघून आली. त्यातलं आझादीचं गाणं ज्या मूळ ध्वनिफितीवर उभं आहे, तिच्यात २०१६ साली विद्यापीठाच्या आवारात दिल्या गेलेल्या घोषणा होत्या. त्या घोषणांमध्ये मनुवादापासून आझादी होती. चित्रपटात येईपर्यंत भूक राहिली, भेदभाव राहिला, गरिबी राहिली. मनुवाद गळून पडला. गरिबी विकता येते, कारण ती कोणी केली हे सांगावं लागत नाही. जात सांगितली की समोर कोणीतरी उभं करावं लागतं. त्याच महिन्यात तेच गाणं एका राष्ट्रीय पक्षाच्या प्रचारात वापरलं गेलं. इतकं स्वच्छ धुऊन दिलं होतं ते!

तमिळनाडूचा अरिवू घ्या. पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'मधला हा रॅपर. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' आलं आणि जगभर गाजलं. ते अरिवूनं लिहिलं, गायलं. श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत राबून भूमिहीनच परतलेल्या त्याच्या आजीची, वल्लीअम्माळची, कहाणी त्याच्या मुळाशी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका आली, दुसरा एक कलाकार आला, अरिवू नाही. ओरड झाल्यावर त्याचं वेगळं मुखपृष्ठ काढलं. पुढच्या वर्षी चेन्नईतल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात ते गाणं झालं, तेव्हाही मंचावर अरिवू नव्हता. भूमिहीनाच्या नातवानं गाणं उभं केलं आणि त्या गाण्यातही त्याला जमीन मिळाली नाही. जमिनीचा व्यवहार असाच होतो, आमच्या जिल्ह्यातही असाच होतो. कसणारा एक, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं.

बाजारानं विकत घेतलं नाही तर सरकार दार ठोठावतं. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या मराठी रॅपरांवर त्यांच्या गाण्यांसाठी गुन्हे दाखल झाले. राज्याच्या राजकारणावर आणि जनतेच्या हालांवर गाणी होती, दंगल पेटवणारी नव्हती. आम्हाला नवल वाटलं नाही. कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप सप्टेंबर २०२० मध्ये तुरुंगात गेले. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. गाण्याची जात बदलली नाही, फक्त डफाच्या जागी बीट आली, म्हणून पोलिसांचं लक्षही तिकडे वळलं. हे खूळ असतं तर गुन्हा दाखल करायला कोण कशाला पोलीस ठाण्यात गेलं असतं?

आशियातही हेच चाललेलं दिसतं. थायलंडमध्ये ऑक्टोबर २०१८ ला 'रॅप अगेन्स्ट डिक्टेटरशिप' या गटानं लष्करी राजवटीवर गाणं केलं, ते कोट्यवधी लोकांनी पाहिलं आणि पोलिसांनी कारवाईची धमकी दिली. चीननं त्याच वर्षीच्या सुरुवातीला हिप-हॉपवाल्यांना टीव्हीवरून बाजूला केलं. म्यानमारचा फ्यो झेया थॉ हा तिथल्या पहिल्या रॅप गटांपैकी एकाचा संस्थापक. लष्कराविरुद्ध तरुणांची चळवळ उभी केली, तुरुंगात गेला, २०१२ मध्ये खासदार झाला. २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्याला पुन्हा पकडलं आणि जुलै २०२२ मध्ये फाशी दिली. म्यानमार बौद्ध देश आहे. आम्ही बौद्ध म्हणवणाऱ्यांनी हे विसरू नये. वर्दीवाले विहारात जाऊन वाकतात आणि गाणाऱ्याला फासावर देतात. त्या वेळी आमच्या किती विहारांत त्याच्यासाठी मेणबत्ती लागली? आमच्याही विहारात लागली नाही. आम्हाला बातमी कळली ती त्याच पोरांकडून.

आता भाषेकडे येऊ, कारण ओळखीचा प्रश्न तिथंच सगळ्यात जास्त चावतो. आमच्या पोरांनी पहिली गाणी लिहिली ती हिंदीत, मुंबईच्या हिंदीत, 'अपुन' आणि 'बंटाय' घालून. आयुष्यात मुंबई न पाहिलेली पोरं! आम्ही म्हटलं, घरी बोलता तसं लिहा. तर गप्प. शाळेनं त्यांना शिकवलेलं की वऱ्हाडी म्हणजे अशुद्ध, विनोदी नाटकातली भाषा. मग एक जण म्हणाला, "माही माय पऱ्हाटीत वाकते, थे मी पुण्याच्या मराठीत सांगतलं त खोटं वाटते. अन् आपल्यात सांगतलं त लोक हासते." अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरला, म्हणजे १०० आरबीएचला, आम्ही त्यांना ऐकवलं. 'स्वदेशी' गटातला हा पोरगा २०२३ मध्ये 'एमटीव्ही हसल'च्या मंचावर वऱ्हाडी घेऊन गेला आणि कोणी हसलं नाही. अमरावतीचाच विपिन तातड बाबासाहेबांचा विचार थेट रॅपमध्ये मांडतो. 'स्वदेशी'नंच आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांच्यासोबत वारली बांधवांचं गाणं केलं. हे ऐकल्यावर आमच्या पोरांची वही बदलली.

मराठीच्या अस्मितेवर बोलणाऱ्यांना यात आनंद व्हायला हवा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. पण आमच्या जिल्ह्यात कोलामी आहे, गोंडी आहे, बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, आणि वऱ्हाडी तर मराठीच आहे. यांना कुठला दर्जा? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन भरलं होतं. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. ऐनवेळी शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातल्या, आमच्याच जिल्ह्यातल्या एका ताईंच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि त्या मंचावरच्या कुठल्याही साहित्यिकापेक्षा सरळ बोलल्या. बोलता येणाऱ्या माणसांची इथं कमी नाही. त्यांच्या हातात माईक अपघातानंच येतो, एवढंच.

आमच्या पोरांनाही दोन गोष्टी सुनावल्याशिवाय हा लेख संपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिली: वाघ, बाप, किंग, तुझी लायकी काय, यात अर्धं गाणं जातं. बाबासाहेबांचं नाव घेतलं म्हणजे ते गाणं आंबेडकरी होत नाही. स्वाधार योजनेचे पैसे सहा-सहा महिने येत नाहीत आणि खोलीभाडं थकतं, जात पडताळणीसाठी खेटे घालावे लागतात, वेचणीचा भाव शेतमालक एकत्र बसून ठरवतात; हे तुमच्या घरात घडतं आणि गाण्यात मात्र सोन्याची चेन येते. चेन कुठून आली रे? तुझ्या मायच्या गळ्यात तरी आहे का?

दुसरी: पोरी कुठं आहेत? आमच्या गटात एक पोरगी लिहिते, चौघांपेक्षा चांगलं लिहिते, आणि गाते मात्र पोरगा. विचारलं तर म्हणतात, तिचे घरचे रात्री पाठवत नाहीत. मग कार्यक्रम दुपारी ठेवा ना! सिंडी कॅम्पबेल नसती तर कूल हर्कची ती रात्र झाली नसती. पंजाबात जालंधरची गिनी माही बाबासाहेबांची गाणी घेऊन परदेशापर्यंत गेली. आणि १८५५ साली जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध छापत होती, धर्माला थेट जाब विचारत. तो निबंध बीटवर मोठ्यानं वाचून पाहा, मग स्वतःला किंग म्हणा. बाईला शिवी देऊन यमक जुळवणाऱ्याला आमच्या विहाराच्या माईकपाशी जागा नाही, हे आम्ही पोरांना तोंडावर सांगितलं आहे. एक जण रागावून गेला. दोन आठवड्यांनी परत आला.

आता समितीकडे आमचं मागणं, काकांकडेही. येत्या १४ एप्रिलला डीजे आणायचा तर आणा, आम्ही भांडत नाही. पण संध्याकाळी सात वाजता, बायाबापड्या समोर बसलेल्या असतात तेव्हा, वस्तीच्या पोरापोरींना अर्धा तास द्या. आधी जुन्या शाहिरांना बसवा, त्यांच्यानंतर लगेच या पोरांना, एकाच मंचावर. डीजेच्या पैशाचा दहावा हिस्सा मानधन म्हणून द्या, पाकिटात घालून, नाव पुकारून. एका वकिलाचा नंबर समितीच्या वहीत लिहून ठेवा, कारण गाणं चांगलं झालं तर तो लागू शकतो. अन् विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली, जिथं दार लावून मोठ्यानं गाता येईल.

काकांना आम्ही परवा भेटलो. लेखाचा कच्चा मजकूर वाचून दाखवला. कापसाचं आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "थे सगळं ठीक आहे. पण शब्द समजले पायजे मले. लय घाईत बोलते हे पोट्टे." आक्षेप रास्त आहे. पोरं आता सावकाश म्हणून बघत आहेत.

जयभीम.